व्यायामामुळे स्नायूंना झालेली इजा मोजताना: आधी काय, मग काय आणि कुठे चुकतं

"काल लेग्ज केले, आज जिना उतरता येत नाही, सीके १,८०० आलंय. किती इजा झाली असेल?" फिजिओथेरपीचे विद्यार्थी, प्रशिक्षक, अगदी नियमित व्यायाम करणारी मंडळीही हा प्रश्न विचारतात. (सीके म्हणजे स्नायूतून रक्तात उतरणारं एक एन्झाइम, रक्त तपासून ते मोजतात.) याला सरळ उत्तर देता येत नाही, कारण व्यायामाआधीचा एकही आकडा कोणी घेतलेला नसतो. मोजमापाची सुरुवात अंग आंबल्यावर करून चालत नाही, ती व्यायामाच्या काही दिवस आधीच करावी लागते. आधीचा आकडा नसेल तर नंतरचा कितीही महागड्या यंत्रावर मोजा, तो अधांतरीच राहतो.

इथे इजा म्हणजे सवय नसलेल्या व्यायामानंतर स्नायूतंतूंच्या आत होणारी सूक्ष्म मोडतोड. व्यायाम करताना अचानक कळ आली, काहीतरी तुटल्यासारखं वाटलं, लगेच काळंनिळं पडलं, तर ते प्रकरण वेगळं आहे. तिथे टेप आणि कोनमापक बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा.

खालचं उदाहरण बहुतेक ठिकाणी दंडाचं, म्हणजे कोपर वाकवणाऱ्या स्नायूंचं घेतलं आहे, कारण शिकायला तो भाग सोपा. मांडीसाठी कुठे बदल करायचा ते त्या त्या जागी सांगेन.

१. कोणता आकडा मुख्य, ते आधी ठरवा

इजा थेट बघायची तर स्नायूचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो. पण तुकडा काढणारी सुईच स्नायूला जखम करते. शिवाय काही मिलिग्रॅमच्या तुकड्यावरून अख्ख्या स्नायूबद्दल बोलणं धाडसाचं आहे, कारण इजा सगळीकडे सारखी पसरलेली नसते. म्हणून व्यवहारात आपण अप्रत्यक्ष खुणा मोजतो.

त्यांतली सगळ्यांत भरवशाची खूण म्हणजे ताकदीतली घट. ती किती झाली आणि भरून यायला किती दिवस लागले, या दोन गोष्टींतून इजेबद्दल जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातूनही कळत नाही. त्याखालोखाल सांध्याची हालचाल. दुखणं, सूज आणि रक्तातलं क्रिएटिन कायनेज, म्हणजेच सीके, हे सोबतीचे आकडे. बहुतेक जण नेमका हाच क्रम उलटा लावतात: सीकेला डोक्यावर घेतात, दुखण्याला पुरावा मानतात आणि ताकद मोजतच नाहीत. दुखणं खूप आणि ताकदीत घट थोडी, किंवा दुखणं ओसरलंय पण ताकद अजून परतलेली नाही, असं नेहमी दिसतं. दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत.

एमआरआय आणि सोनोग्राफी हाताशी असेल तर वापरा, पण सांभाळून. एमआरआयमध्ये दिसणारा बदल मुख्यतः साचलेल्या पाण्याचा असतो आणि ताकद परतल्यावरही तो रेंगाळू शकतो. सोनोग्राफीत स्नायू किती पांढरट दिसतो हे प्रोब किती दाबला आणि यंत्राची सेटिंग काय होती यावरही ठरतं.

२. माणूस आणि मधले दिवस

ज्याचं मोजायचं त्याने गेल्या काही महिन्यांत तोच व्यायाम केला आहे का, हा पहिला प्रश्न. स्नायू ताणला जात असताना जोर लावण्याला, उदाहरणार्थ जड डंबेल सावकाश खाली नेण्याला, एक्सेन्ट्रिक काम म्हणतात आणि इजा मुख्यतः त्यातूनच होते. पण एकदा असा व्यायाम झाला की स्नायू पुढच्या वेळेसाठी तयार होतो. तोच व्यायाम काही आठवड्यांनी पुन्हा केला तर इजा कितीतरी कमी होते. दंडाच्या स्नायूंत ही राखण सहा महिन्यांपर्यंत टिकलेली आढळली आहे.

याचा अर्थ, "आधी थोडा सराव करून घेऊ" म्हणून व्यायामाच्या दोन-चार फेऱ्या करून घेतल्या तर तुम्ही स्वतःच्या हाताने मोजमाप बिघडवलंत. मोजक्या जोरदार एक्सेन्ट्रिक आकुंचनांनीही पुरेशी राखण मिळते. सराव चाचणीचा करायचा, व्यायामाचा नाही.

विचारून लिहून ठेवायच्या गोष्टी: गेल्या सहा महिन्यांतला व्यायाम, गेल्या आठवड्यातलं अंगमेहनतीचं काम, कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्या, गेल्या काही दिवसांत दंडात किंवा कमरेत घेतलेलं इंजेक्शन, नुकताच आलेला ताप. स्नायूत दिलेल्या साध्या इंजेक्शननेही सीके वाढतं. शेवटचं मोजमाप होईपर्यंत दुसरा व्यायाम, मालिश, स्ट्रेचिंग, बर्फाचा शेक, मद्य आणि वेदनाशामक गोळ्या नकोत.

सावधान: मूत्रपिंडाचा आजार, सिकलसेलचा गुणधर्म, पूर्वी स्नायू विरघळण्याचा म्हणजे रॅब्डोमायोलिसिसचा त्रास, किंवा सध्या ताप असेल तर त्या व्यक्तीकडून मुद्दाम इजा करणारा व्यायाम करून घेऊ नका. संमती लेखी घ्या आणि पुढचे चार-पाच दिवस हात सरळ करणंसुद्धा जड जाईल, हे आधीच स्पष्ट सांगा.

३. बेसलाइन: सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या

बेसलाइन म्हणजे व्यायामाआधीचा आकडा. चुका सगळ्यांत जास्त इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

ताकद आयसोमेट्रिक मोजा, म्हणजे सांधा हलू न देता. कोपर ९० अंशांत, दंड टेकवलेला, मनगटाला पट्टा, पट्टा दुसऱ्या टोकाला जोरमापकाशी जोडलेला. कोपर जवळपास सरळ ठेवून चाचणी घेऊ नका. स्नायू लांबलेला असताना पूर्ण जोर लावला तर चाचणीनेच थोडी इजा होते आणि पुढच्या व्यायामाविरुद्ध राखणही मिळते.

एका वेळी ३ ते ५ सेकंद पूर्ण जोर, असे तीन प्रयत्न, मध्ये एक ते दोन मिनिटं विश्रांती. सगळ्यांत मोठे दोन आकडे एकमेकांपासून ५ टक्क्यांहून लांब असतील तर चौथा प्रयत्न घ्या. "जोर लाव, लाव, अजून" हे जे काही म्हणणार असाल ते कागदावर लिहून काढा आणि दरवेळी तेच, त्याच आवाजात म्हणा. हे किरकोळ वाटेल, पण ओरडून प्रोत्साहन दिलं की आकडा वाढतो, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसेल.

महागडं यंत्र नसेल तर हातात धरायचा छोटा जोरमापक, म्हणजे डायनामोमीटर, चालतो, मात्र तो हातात धरू नका. समोरचा माणूस ताकदवान असेल तर तुमचा हात मागे सरकतो आणि यंत्र त्याची नव्हे, तुमचीच ताकद मोजतं. भिंतीला किंवा बाकाला पट्ट्याने घट्ट बांधा. कोपरापासून पट्ट्यापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये नोंदवा. पट्टा दुसऱ्या दिवशी दोन सेंटिमीटर वर गेला तर तोच माणूस जास्त बलवान दिसेल.

मांडीसाठी गुडघा सरळ करण्याची ताकद मोजा. नुसत्या उडीवर विसंबू नका. आधी खाली बसून मग झेप घेतली तर त्या हिसक्यात ताकदीतली घट बरीचशी झाकली जाते. उडी घ्यायचीच असेल तर खाली थांबून, स्थिर अवस्थेतून मारलेली उडी घ्या.

ही सगळी चाचणी व्यायामाआधी किमान दोन वेगवेगळ्या दिवशी, पण दिवसाच्या त्याच वेळेला घ्या. संध्याकाळी ताकद सकाळपेक्षा जास्त भरते, त्यामुळे बेसलाइन संध्याकाळी आणि नंतरचं सकाळी असं केलंत तर जी घट दिसेल त्यातली काही निव्वळ घड्याळाची असेल. पहिल्या दिवसाचा आकडा सहसा कमी येतो, कारण जोर कसा लावायचा हे माणूस शिकत असतो. दुसऱ्या दिवशी आकडा बराच वाढला तर तिसरा दिवस घ्या. वाढ थांबली की शेवटच्या दोन दिवसांची सरासरी ही बेसलाइन.

आता स्वतःच्या मोजमापाची चूक काढा. दहा-बारा जणांची चाचणी दोन दिवशी घ्या, प्रत्येकाच्या दोन आकड्यांतला फरक लिहा, त्या फरकांचं प्रमाणित विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन) काढून त्याला १.४१ ने भागा. ही तुमची नेहमीची चूक. तिला २.७७ ने गुणलं की जो आकडा येतो त्यापेक्षा लहान फरक एका माणसाच्या बाबतीत खरा मानायचा नाही. हे गणित कंटाळवाणं वाटतं म्हणून बहुतेक जण सोडून देतात आणि मग ४ टक्क्यांच्या चढउतारावर निष्कर्ष लिहितात.

तपासा: दोन दिवसांचे आकडे जुळले का? कोपराचा कोन, पट्ट्याची जागा, खुर्चीची उंची लिहिली का? मोजणारा माणूस शेवटपर्यंत एकच राहणार का?

४. खुणा अंगावर करा

घेर आणि कोन मोजायच्या जागा न पुसणाऱ्या शाईच्या पेनाने त्वचेवर आखा. दंडाच्या घेरासाठी कोपराच्या वळीपासून ३, ५, ७, ९ आणि ११ सेंटिमीटरवर पाच रेषा. कोनासाठी तीन ठिपके: खांद्याच्या टोकाचं हाड, कोपराच्या बाहेरच्या बाजूचा उंचवटा आणि मनगटाचं अंगठ्याकडचं हाड.

मी शिकत असताना एकदा तिसऱ्या दिवशी आलेल्या मुलाच्या दंडावर फक्त वरच्या दोन रेषांची पुसट सावली उरली होती. बाकीच्या आंघोळीत गेल्या होत्या. मी अंदाजाने पुन्हा आखल्या आणि त्या दिवशी सूज एकदम उतरलेली दिसली. चौथ्या दिवशी ती परत चढली. प्रत्यक्षात सूज उतरलीच नव्हती, टेप खाली सरकली होती. दंड वरून खाली निमुळता होत जातो, त्यामुळे एखाद्या सेंटिमीटरची चूक सुजेएवढी दिसू शकते. तेव्हापासून दरवेळी मोजून झाल्याबरोबर रेषा गिरवतो आणि घरी जाताना सांगतो, "साबणाने घासू नकोस, पुसट व्हायला लागली तर स्वतः गिरव."

५. व्यायाम स्वतःच मोजून करून घ्या

किती वजन, किती रेप, किती सेट, खाली नेण्याचे किती सेकंद, मधली विश्रांती किती, सांधा कुठून कुठपर्यंत फिरला. हे नसेल तर दोन माणसांची इजा एकमेकांशी ताडून पाहता येत नाही. डंबेल वर नेताना तुम्ही हातभार लावा, म्हणजे समोरच्याच्या वाट्याला फक्त खाली नेण्याचं काम येईल. हात पूर्ण सरळ होईपर्यंत वजन खाली जातंय का, ते बघत राहा. थकल्यावर माणूस नकळत अर्ध्यावरच थांबतो आणि सगळ्यांत जास्त इजा तर शेवटच्या, स्नायू लांबलेल्या टप्प्यात होते.

६. प्रत्येक भेटीतला क्रम

हा क्रम भिंतीवर चिकटवा. एक चाचणी पुढच्या चाचणीला बिघडवते, म्हणून जी सगळ्यांत कमी त्रासाची ती आधी आणि जोराची सगळ्यांत शेवटी.

पहिलं रक्त. ते न व्यायाम झालेल्या हातातून घ्या. ज्या दंडाची सूज मोजायची त्याच कोपरात सुई टोचून वर पट्टी बांधली तर घेर, दुखणं आणि कोन तिन्ही गेले.

दुसरं दुखणं. १०० मिलिमीटरची आडवी रेषा, डावीकडे "अजिबात दुखत नाही", उजवीकडे "याहून जास्त दुखू शकत नाही". नुसतं बसल्या बसल्या "किती दुखतंय?" असं विचारू नका. आंबलेला स्नायू स्वस्थ असताना फारसा बोलत नाही. तुम्ही त्याचा हात हळूच सरळ करा आणि तेव्हाचं दुखणं त्याला रेषेवर दाखवू द्या. मांडीसाठी हात कमरेवर ठेवून अर्धं खाली बसवा. कालची खूण दाखवू नका, नाहीतर तो आजचं दुखणं मोजणार नाही, कालच्या खुणेशी ताळमेळ घालत बसेल. आणि छापलेली रेषा पट्टीने मोजून घ्या. झेरॉक्समध्ये १०० ची ९७ झालेली मी पाहिली आहे.

तिसरा घेर. हात सैल सोडलेला, टेप त्वचेला टेकलेली पण रुतलेली नाही. प्रत्येक रेषेवर दोनदा. चौथ्या-पाचव्या दिवशी सूज खाली कोपराकडे आणि पुढच्या हाताकडे उतरते, म्हणून एकाच जागेवर मोजणं पुरेसं नाही.

चौथा कोन. उभं राहून हात बाजूला सैल सोडल्यावर कोपर किती वाकलेलं राहतं, ते आधी. मग पूर्ण वाकवून आणि पूर्ण सरळ करून. इजा झालेल्या दंडात सैल सोडलेला हातही वाकलेलाच राहतो. "अजून सैल सोड" असं म्हणत राहिलात तर तो जोर लावून हात सरळ करतो आणि आकडा बिघडतो. समोर बघायला सांगा, तीनदा मोजा, सरासरी घ्या.

पाचवं दाबल्यावर दुखणं. दाबमापकाचं एक चौरस सेंटिमीटरचं रबरी टोक स्नायूवर काटकोनात ठेवून दाब एकसारख्या वेगाने वाढवत न्या. "दाब वाटतोय ते आता दुखतंय, असं होईल त्या क्षणी थांब म्हण." सहन होईल तिथपर्यंत दाब वाढवत नेऊ नका. ती वेगळी गोष्ट आहे.

सहावी ताकद. बेसलाइनला जशी घेतली अगदी तशीच. दुखत असल्यामुळे माणूस पूर्ण जोर लावत नाही अशी शंका येणं साहजिक आहे. विजेच्या झटक्याने स्नायू आकुंचित करून ती तपासता येते, पण ती सोय नसेल तर निदान प्रत्येक प्रयत्नानंतर "पूर्ण लावलास का?" हे विचारून उत्तर लिहा.

७. कधी कधी मोजायचं

व्यायामाआधी, संपल्याबरोबर, मग २४, ४८, ७२, ९६ तासांनी, आणि सातव्या दिवशी. तोपर्यंत ताकद परतली नसेल तर पुढेही.

लगेच नंतरच्या आकड्यावर एकट्याने निकाल देऊ नका. त्यात थकवा आणि इजा एकत्र मिसळलेली असते. वजन फक्त वर उचलण्याच्या व्यायामानंतरही ताकद लगेच घटते, पण काही तासांत परत येते. २४ तासांनी जी घट उरते ती मुख्यतः इजेची. दुखणं मात्र उशिरा सुरू होतं, साधारण २४ ते ७२ तासांच्या दरम्यान शिगेला पोहोचतं आणि आठवड्याच्या आत बहुधा संपतं. म्हणजे ताकद सगळ्यांत कमी असते तेव्हा माणूस "मला काही होत नाहीये" म्हणत घरी जातो.

सावधान: लघवी काळसर चहासारखी झाली, सूज टणक होत चालली, हात बधिर वाटू लागला किंवा दुखणं सहन होईना, तर पुढच्या भेटीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी रुग्णालय. हे वाक्य छापून त्या व्यक्तीच्या हातात द्या आणि पहिले पाच दिवस रोज फोन करून लघवीचा रंग विचारा.

८. सीके घेणार असाल तर

एकच नमुना घेऊ नका. उतारावर धावल्यानंतर सीके साधारण एका दिवसात शिखर गाठतं, तर दंडाच्या जोरदार एक्सेन्ट्रिक व्यायामानंतर त्याला चार-पाच दिवस लागू शकतात. दंडाचा व्यायाम आणि २४ तासांनी एकच नमुना, ही अगदी नेहमीची चूक. शिखर यायच्या आधीच तुम्ही दुकान बंद केलेलं असतं. मायोग्लोबिन हे स्नायूतलं प्रथिन मात्र रक्तात लवकर येतं आणि लवकर जातं.

दुसरी गोष्ट, माणसामाणसांतला फरक. तोच व्यायाम, ताकदीत जवळपास तेवढीच घट, आणि एकाचं सीके काही शे तर दुसऱ्याचं २०,००० च्या वर, असं घडतं. सीके स्नायूतून आधी लसिकेत (लिम्फमध्ये) आणि मग रक्तात येतं, शिवाय रक्तातून ते काढूनही टाकलं जातं. आपण मोजतो ती यांची वजाबाकी. म्हणून सीकेवरून "याला त्याच्या दहापट इजा झाली" असं म्हणता येत नाही. सीके वाढलं म्हणजे स्नायूतंतूंची भिंत गळतेय, एवढंच खात्रीने सांगता येतं.

नमुने नेहमी एकाच प्रयोगशाळेत द्या. वेगळं केलेलं सिरम गुलाबी दिसलं तर तांबड्या पेशी फुटल्या आहेत, नमुना पुन्हा घ्या. तपासणीच्या कागदावर "व्यायामानंतर" असं ठळक लिहा, कारण यकृताच्या तपासणीतली एएसटी आणि एएलटी ही एन्झाइम्स स्नायूंमधूनही वाढतात आणि यकृताच्या आजाराची धावपळ उगाच सुरू होते.

सावधान: सीके प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेच्या पाचपटीपुढे गेलं की डॉक्टरांना कळवा. ५,००० च्या पुढे मूत्रपिंडाची काळजी घ्यावी लागते. व्यायाम तुम्ही करून घेतलात, तेव्हा ही जबाबदारी तुमचीच.

९. आकडे वाचायचे कसे

सगळं बेसलाइनच्या टक्केवारीत लिहा. समजा बेसलाइन ६२ न्यूटन-मीटर (न्यूटनमधला जोर गुणिले कोपरापासून पट्ट्यापर्यंतचं मीटरमधलं अंतर). व्यायामानंतर लगेच ३५, म्हणजे ५६ टक्के उरले, घट ४४ टक्के. २४ तासांनी ३८, ४८ तासांनी ४१, ९६ तासांनी ५०, सातव्या दिवशी ५७.

ढोबळ वर्गवारी अशी: पहिल्या दिवसात २० टक्क्यांपर्यंत घट आणि दोन दिवसांत भरपाई ही सौम्य इजा; २० ते ५० टक्के घट किंवा दोन ते सात दिवसांत भरपाई ही मध्यम; ५० टक्क्यांहून जास्त घट किंवा आठवड्याहून लांबलेली भरपाई ही तीव्र. आपल्या उदाहरणात घटीवरून मध्यम. पण सातव्या दिवशी ९२ टक्केच परतलंय, मग तीव्र म्हणायचं का?

इथे तिसऱ्या टप्प्यातली ती चूक कामाला येते. समजा तुमची नेहमीची चूक २ न्यूटन-मीटर निघाली होती. २ गुणिले २.७७ म्हणजे साधारण ५.५. सातव्या दिवशीचा फरक ५ आहे, मर्यादेच्या आत. ताकद परतलेली नाही असं ठामपणे म्हणता येत नाही, आणि पूर्ण परतली असंही म्हणता येत नाही. चौथ्या दिवशीचा १२ चा फरक मात्र खरा आहे. अशा वेळी नोंद करायची "मध्यम, सातव्या दिवशी मर्यादेत" आणि दहाव्या दिवशी पुन्हा बोलवायचं. तेव्हा ६१ आले तर प्रकरण मिटलं. पुन्हा ५७ च आले तर बारकाईने बघायचं: पट्टा, कोन, वेळ, की मधल्या दिवसांत त्याने गुपचूप व्यायाम केला.

गटाचे आकडे मांडताना सीकेची सरासरी देऊ नका, एकाच माणसाचे २०,००० सगळ्यांना ओढून नेतात. मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, द्या आणि सगळ्यांत कमी-जास्त आकडे द्या. दुखणं, घेर, कोन, ताकद यांची बेरीज करून एकच "इजेचा गुण" बनवण्याचा मोहही टाळा. त्यांची शिखरं वेगवेगळ्या दिवशी येतात. प्रत्येकाची रेघ वेगळी काढा आणि खाली दिवसांऐवजी तास लिहा. मंगळवारी सकाळी आलेला आणि मंगळवारी संध्याकाळी आलेला, दोघेही कागदावर "दुसरा दिवस" दिसतात, पण त्यांच्यात आठ तासांचं अंतर असतं.